काहीतरी उघडा

चष्मेवाल्यांच्या घरात तिघं राहतात असं मी म्हटलं की गल्लीत नवीन आलेला भाडेकरू कान टवकारतो. मीही त्याला लगेच सोडत नाही, चहा अर्धा होईपर्यंत ताणतो. मग सांगतो की तिसरी ती पडवीत उभी आहे बघा, विटांवर चढवलेली, पुढचं एक चाक काढलेली. चष्मेवाल्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा तिला ‘तुमची ती’च म्हणतात. "तुमच्या तिला पुसायला माझा टॉवेल घेतलात?" हे वाक्य भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दाढी अर्धी सोडून खिडकीत आलो होतो.

ती म्हणजे जुनी जीप. चारही चाकांना जोर देणारी, चौकोनी, कपाळाला आठ्या घातल्यासारखी दिसणारी. कुठल्याशा सरकारी खात्याने मोडीत काढली होती, ती चष्म्याने लिलावातून आणली. त्याचं तेव्हा चष्म्याचं दुकान होतं. सगळी गल्ली त्याला चष्मेवाले म्हणते, मी एकटा चष्म्या म्हणतो, कारण लहानपणी त्याचा शेंबूड पुसलेला मी पाहिलेला आहे. दुकान गेलं, पण चष्म्यांच्या रिकाम्या डब्या घरी राहिल्या. त्यात आता नट, वायसर, स्प्रिंगा असतात. मखमलीच्या अस्तरात एखादं बेअरिंग असं निजलेलं असतं की पाहुण्याने विचारावं, कितवा महिना चाललाय?

तर या चष्म्याचा रोग असा, की चालती गाडी त्याला बघवत नाही. बिघडलेली गाडी कोणीही उघडतो. हा धडधाकट गाडी उघडतो. "गिअर टाकताना जरा कुरकुरली, ऐकलंस?" मला काही ऐकू आलेलं नसतं. दुपारपर्यंत पडवीत जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर गिअरबॉक्सचे दात ओळीने मांडलेले, आणि हा गाडीखाली. बाहेर नुसते पाय. आमच्या गल्लीत चष्म्याला चेहऱ्यापेक्षा पायांवरून ओळखणारे लोक जास्त आहेत.

माझी खिडकी त्यांच्या पडवीवर उघडते, यात माझा दोष नाही, घर बांधणाऱ्याचा आहे. त्यामुळे मला त्या घराचा ताल पाठ. सकाळी आधी वहिनींच्या स्वयंपाकघरात डबे वाजायला लागतात. त्यांना चैन पडेनासं झालं की त्या पुसलेले डबे पुन्हा पुसतात, झाकणं लावतात, काढतात, फळीवरचा डबा खाली, खालचा फळीवर. मग थोड्या वेळाने पडवीत पाना वाजतो. आधी डबे, मग पाना. मी म्हणायचो, या दोघांनी वाद्यवृंद काढावा.

आता मुख्य चहाडी. वहिनींची थोरली बहीण, सगळे तिला आक्का म्हणतात, वर डोंगरावर राहायची. शेवटचा चढ असा, की साध्या गाडीचं काम नाही. माती, गोटे आणि पाण्याने खणलेल्या घळी. वहिनींचे गुडघे म्हणजे बोलायलाच नको. म्हणजे आक्काकडे जायचं तर जीपनेच. आणि आक्काकडे जायचं ठरलं रे ठरलं, की चष्म्याने जीप उघडलीच म्हणून समजा. एकदा ब्रेक, एकदा स्टिअरिंग, एकदा तर इंजिनाचं डोकंच काढून खाटेवर ठेवलं होतं. वहिनी फोनवर सांगायच्या, "काय करू आक्का, यांनी पुन्हा गाडी उघडून ठेवलीय." गल्ली हळहळायची. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई तर मला पाव देता देता म्हणाल्या होत्या, "माझा नवरा असता ना, पान्यासकट भंगारात घातला असता." मीही मान डोलावली होती, ताजा पाव हातात असताना वाद कोण घालतो?

मग एका सोमवारी आक्काचाच फोन आला. वहिनी फोन स्पीकरवर टाकून पडवीत आल्या, म्हणून मला समजलं. आक्का कायमची मुलाकडे चालली होती, दूर, विमानाने जायच्या गावी. वरचं घर सोडून देणार. "पुढच्या सोमवारी सकाळी मुलगा न्यायला येतोय. रविवारी यायचं तर ये. नाही तर राहू दे." एवढंच बोलून आक्काने फोन ठेवला. ती फार बोलणाऱ्यातली नाही. बहिणी बहिणी, पण एक नदीसारखी आणि एक बांधासारखी.

वहिनी चष्म्याकडे बघत उभ्या राहिल्या. चष्म्याने हातातला पाना डबीत ठेवला, डबी मिटली आणि म्हणाला, "रविवारी जाऊ. तोपर्यंत मी तिला हात लावणार नाही."

मी ही बातमी बेकरीपर्यंत पोचवली. कोणाचा विश्वास बसेना.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. त्या घरात कोणाचाच पाय ठरेना. चष्म्या पडवीत खुर्ची टाकून बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जणू ते सुटून पळतील. बसून बसून उठायचा, जीपभोवती फेरी मारायचा, बॉनेटपर्यंत हात जायचा, तसाच मागे यायचा. घरातल्या दारांच्या कड्या घट्ट केल्या, माझ्या खिडकीचं बिजागर न विचारता काढून तेल घातलं, बेकरीतल्या वजनकाट्याकडे तर असा बघू लागला की बाईंनी काटा आत नेऊन ठेवला.

आणि आत डबे. सकाळी डबे, दुपारी डबे, चहा झाला की डबे. मधूनच वहिनी बाहेर यायच्या. "अहो, काही आवाज तर येत नाही ना तिचा?"

"नाही."

"परवा वळताना काहीतरी टक् झाल्यासारखं वाटलं मला."

"झालं असेल."

"मग बघणार नाही का?"

"नाही."

पुन्हा डबे. मी मनात म्हटलं, बिचारीचा जीव किती खालीवर होतोय, गाडी वाटेत दगा देईल म्हणून. बेकरीत मी तसं रंगवूनही सांगितलं.

शनिवारी दुपारी चष्म्याने मला हाक मारली. "उद्या तू येतोस. मागे वजन पाहिजे, रिकामी गाडी चढावर उड्या मारते."

"म्हणजे मी पोतं?"

"पोतं गप्प बसतं. पण पोतं चढवायला माझी पाठ चालत नाही, तू स्वतः चढतोस."

आमंत्रणं अशीच यायची मला. पण सोडतोय कोण? मग त्याने वाकून पुढच्या चाकांपाशी काहीतरी केलं. मी विचारलं, हे काय, शपथ मोडलीस? तो म्हणाला, हे उघडणं नाही, हे जोडणं. पुढच्या चाकाच्या मधोमध वाटीच्या झाकणाएवढी चकती असते. ती हाताने फिरवून जोडली, तरच पुढची चाकं इंजिनाचं ऐकतात. मोकळी ठेवली तर नुसती मागच्यांच्या जिवावर गडगडत येतात. "घरूनच जोडून घेतो. चिखलात कोण वाकणार या वयात?" उजवी सहज फिरली. डावी हट्टी, तिला तळहाताची एक थापट दिली, तेव्हा टक्‌कन बसली.

संध्याकाळी वहिनींनी बादली घेऊन जीप धुतली. मी खिडकीत थक्क. सगळ्या संसारात त्यांनी ‘तुमच्या तिला’ कधी पाण्याचा हात लावला नव्हता. चाकांपाशी तर बसून कितीतरी वेळ चोळत होत्या. मला वाटलं, माहेरच्या माणसांसमोर लाज नको.

रविवारी निघालो. सपाटीवर ती छान पळाली. चष्म्या एका कानाने रस्ता आणि एका कानाने इंजिन ऐकत होता. वळणावर खरंच टक् आलं. चष्म्याने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. वहिनी मांडीवरची पिशवी उघडत होत्या, मिटत होत्या. "पाणी घेतलं ना? कुलूप लावलं ना? भाऊजी, तुम्ही गॅस बघितलात आमचा?" मी कशाला बघू यांचा गॅस?

शेवटचा चढ लागला. आदल्या दिवशी वर पाणी पडलेलं असावं, माती लोण्यासारखी. चष्म्याने छोटा दांडा ओढला, म्हणजे चारही चाकांना जोर. जीप अर्धी चढली आणि तिथेच मागची चाकं गरगरायला लागली. चिखल माझ्या कपाळावर, तोंडात, कुठे कुठे. मागे सरकली, पुन्हा जोर, पुन्हा तेच. मी पोत्याचं काम इमानाने करत होतो. मागच्या बाकावर दोन्ही हातांनी गज धरून उड्या खात होतो.

"नाही चढत ना?" वहिनी म्हणाल्या. जरा लवकरच म्हणाल्या. "राहू द्या मग. वळवा. मी फोन करून सांगते आक्काला, गाडीच—"

चष्म्या खाली उतरला. पुढच्या उजव्या चाकापाशी वाकला. मग घसरत, बॉनेट धरत डाव्या बाजूला गेला, तिथेही वाकला. सरळ झाला, नाकावरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत उभा राहिला.

मला कुठे धीर? "काय मोडलं रे?"

"काही नाही. पुढची चाकं मोकळी आहेत."

"मोकळी कशी? काल माझ्यासमोर तू—"

"हो."

वहिनींच्या पिशवीची उघडमीट थांबली होती.

"मग फिरव की!" मी म्हणालो.

"मी नाही फिरवणार."

"फिरवा ना अहो," वहिनी हळू म्हणाल्या.

"नको. आज तू फिरव."

तेव्हा वहिनी जे फुटल्या! "एवढी वर्षं न सांगता कळत होतं ना तुम्हाला? डबे वाजले की पाना घ्यायचात ना हातात? मग याच वेळी काय धाड भरली? सोमवारपासून मी वाट बघतेय, आज उघडतील, उद्या उघडतील! आवाज येतो म्हणून खोटंसुद्धा सांगितलं! शेवटी काल बादली घेऊन मलाच चाकांशी वाकावं लागलं!"

"खोटं नव्हतं ते," चष्म्या म्हणाला. "टक् येतंय खरं."

"मग उघडायचीत ना!"

"अग, उद्यापासून वर कोणी नसणार. मग आयुष्यभर मी उघडून काय करू?"

वहिनी रडल्या. रडता रडता जे बोलल्या त्यावरून मला जोडता आलं ते असं. त्यांची आई शेवटची आजारी होती तेव्हा आक्काने एकटीने केलं सगळं. इकडे वहिनींना आईला तशा अवस्थेत बघायची हिंमत होईना. जीप तेव्हा ठणठणीत होती. त्या चष्म्याला म्हणाल्या होत्या, "अहो, काहीतरी उघडा." याने एक शब्द न विचारता गिअरबॉक्स खाली उतरवला. आई गेली. आक्का फोनवर म्हणाली होती, गाडीचं नाव मला सांगू नकोस. त्यानंतर आक्काला तोंड दाखवायचं ठरलं की डबे वाजायचे, आणि डबे वाजले की हा खाली शिरायचा. गल्लीभर बोलणी खायची याने. भंगारात घालायचं ते यालाच.

मी मागे चिखल पुसत बसलो. म्हटलं, बेकरीत आता काय तोंडाने जाऊ? पण तो विचार फार टिकला नाही, कारण वहिनी उतरायला लागल्या होत्या. गुडघा धरून, चष्म्याच्या खांद्यावर हात ठेवून, चपलांसकट चिखलात. उजवी चकती फिरवली. गाडीला धरून दुसऱ्या बाजूला गेल्या. डावी फिरेना. पदर खोचला आणि तळहाताची एक थापट दिली. टक्.

"एवढी वर्षं बॅटरी धरलीय मी तुमच्या तिच्यासमोर," चष्म्याकडे न बघता म्हणाल्या. "नीट धरत नाही म्हणून ओरडा खात."

ती चढली. चारही पायांनी, नखं रोवून चढली.

आक्का फाटकाशी उभी होती, मागे दोरीने बांधलेली खोकी. तिने आधी जीपकडे बघितलं, मग बहिणीच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे. "काय ग, आज उघडी नाही वाटतं गाडी?"

"आज नाही उघडली," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाही बिघडली नव्हती, आक्का. मीच उघडायला लावली होती."

आक्काने फाटक उघडलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही असं वाटलं तुला? आत ये. हात धू."

दोघी आत गेल्या. आम्ही दोघं म्हातारे अंगणात. खोक्यांमध्ये गेलेली भांडी कुणीतरी बाहेर काढत असावं. डबे वाजायला लागले. दुप्पट. चष्म्याचा हात आपोआप सीटखालच्या डबीकडे गेला, थबकला. आम्ही कान देऊन उभे. डबे थांबले. मग आतून आवाज चढले. आईचं नाव, कोणाच्या तरी लग्नाचं, कसल्याशा शालीचं. मग एकदम दोघी रडायला लागल्या, मग पुन्हा शालीवरून जुंपली.

"चाललंय नीट," चष्म्या इंजिनाबद्दल बोलतो त्याच आवाजात म्हणाला. पण पाय ठरत नव्हता त्याचा. सूर्य कलायला लागला होता. तो चढ अंधारात उतरण्यासारखा नाही, निघायचं तर लगेच निघायला हवं होतं. आणि आत तर अजून शालीचाच निकाल लागला नव्हता. मीही चुळबुळत होतो. घरी माझं मांजर कोंडलेलं.

खिडकी उघडली. वहिनींचं नाक लाल, केस सुटलेले. एकदा मागे आक्काकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "काहीतरी उघडा."

चष्म्या इतका हसला की मला त्याचं लहानपणीचं तोंड आठवलं. बाह्या सारत तो पुढच्या चाकाशी गेला.

"अरे, काहीतरी छोटं उघड!" मी ओरडलो. "माझं मांजर!"

तोवर बाहेर नुसते पाय राहिले होते.