बाईंचा पहिला चमचा

शाळेच्या आनंदमेळ्यात वरच्या वर्गाच्या स्टॉलवर काय विकायचं, हे दरवर्षी पाकशास्त्राच्या बाई ठरवायच्या. ठरवायच्या म्हणजे काय, तर पोरांनी घरून करून आणलेले पदार्थ स्वयंपाकाच्या वर्गातल्या लांब टेबलावर मांडायचे आणि बाईंनी एकेक चमचा तोंडात घालून एकेकाची लाज काढायची. "कोणी केलंय हे? समोर ये. हे तू माणसांना विकणार?" शेवटी जे टिकेल, त्याला बाई म्हणायच्या, "चालेल." कौतुक म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं.

बाईंना कोणीच पसंत नसे. हेडसर म्हणजे त्यांच्या मते ताजं आणि शिळं यातला फरक मेल्यावरसुद्धा न कळणारा माणूस. गणिताचे सर समोर येईल ते चरायचे. आणि चित्रकलेच्या बाई? त्या चहात बिस्कीट बुडवून त्याचा लगदा चमच्यानं खायच्या, आता त्यांच्याबद्दल काय बोलायचं! घरीही तीच तऱ्हा. भावाच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती, पण नणंदबाई जेवायला बसल्या की वहिनी अजून दारामागे जाऊन उभी राहायची.

हा तोरा उगाच नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. बाईंचे वडील एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होते. सुट्टीच्या दिवशी ते पोरीला मागच्या दारानं आत घ्यायचे, कोमट पाण्यानं चूळ भरायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि चमचा तोंडाशी धरून विचारायचे, "काय राहिलंय यात?" पोरगी बिनचूक सांगायची. सगळे आचारी हातातलं काम टाकून "वा!" म्हणायचे. त्या "वा"वर ती वाढली. पुढे एक मुलगा तिला आवडला होता म्हणतात, पण तिनं केलेल्या भाजीवर त्यानं चाखायच्या आधीच मीठ भुरभुरवलं. विषय तिथंच संपला.

तर अशा या बाईंना दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला. ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला. वासही गेला. काहीही खाल्लं तरी कापूस चघळल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बाईंनी डॉक्टरलाही मूर्खात काढलं, पण चव काही आली नाही. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार? चव गेली की आपण म्हणजे नुसती एक तोंडाळ बाई उरतो, हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. ते टेबल, तो पहिला चमचा, पोरांचे धसकलेले चेहरे, हे सगळं एका दिवसात काढून घेतलं गेलं असतं.

म्हणून त्यांनी शक्कल काढली. "आधी तुम्ही खा. तुम्हाला काय कळतंय ते बघू तरी," असं म्हणून त्या निवडीला हजर असलेल्या हेडसरांना, गणिताच्या सरांना आणि चित्रकलेच्या बाईंना पुढे करायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मीठ जास्त झालं की गणिताच्या सरांच्या भुवया वर जायच्या. कच्चं राहिलं की चित्रकलेच्या बाई न चावता गिळायच्या. पदार्थ फर्मास असला की हेडसर टाचा उचलायचे. मागचं वर्ष बाईंनी एवढ्यावरच मारून नेलं. या येड्यांचा एवढा तरी उपयोग, असं त्यांना वाटायचं.

यंदा टेबलावर सँडविच, केक, उकडलेली कणसं आणि बटाटा-कांद्याचं सूप होतं. सूप करणाऱ्या मुलीला वर्गात फटकळ म्हणत. बाईंच्या ती डोक्यात जायची, कारण बोलणी खाताना ती मान खाली घालत नसे.

चेहरे वाचत बाईंनी सँडविच उडवलं, केक उडवला. कणसं आणणाऱ्याला म्हणाल्या, "यात तू काय केलंस रे? जे केलं ते पाण्यानं केलं." मग सूप आलं. तिघांनी एकेक घोट घेतला आणि तिघांचे चेहरे कोरे! भुवई हलेना, टाच उचलेना. ते बाईंकडे बघतायत, बाई त्यांच्याकडे.

"बोला की! तोंडं शिवलीत का?"

"आधी तुम्ही घ्या ना, बाई," हेडसर म्हणाले.

बाईंनी चमचा तोंडात घातला. काहीतरी दाट, कोमट. बाकी शून्य. उरलेलं सगळं आधीच निकालात काढलं होतं, मग करतात काय! "चालेल," त्या म्हणाल्या. "एवढ्या कचऱ्यात हे एक माणसांच्या खाण्यासारखं आहे."

"वा!" हेडसर म्हणाले. गणिताचे सर म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात." चित्रकलेच्या बाईंनी तर आणखी अर्धी वाटी घेतली. लाळघोटे मेले, बाई मनात म्हणाल्या आणि हुश्श केलं.

शाळा सुटल्यावर बाई ओटा पुसत होत्या, तेव्हा फटकळ दारात येऊन उभी राहिली.

"बाई, उद्या मोठ्या पातेल्यात मीठ घालू की साखर?"

"सुपात साखर? डोकं ठिकाणावर आहे का?"

"आज साखरच होती. घाईत डबा चुकला. इथं आल्यावर चाखलं तेव्हा कळलं मला."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "माझी परीक्षा घ्यायला आलीस?"

"नाही. तुम्हाला चव कळत नाही, हे सगळ्यांना माहितीये, बाई. चित्रकलेच्या बाईंचा बिनसाखरेचा चहा तुम्ही महिनाभर चुकून पीत होतात आणि वर साखर जास्त झाली म्हणून मावशींना झापत होतात. हेडसरांनी सांगून ठेवलंय, बाई म्हणतील त्याला हो म्हणायचं, त्यांचं मन मोडायचं नाही. नंतर आम्ही गुपचूप नीट करतो. गणिताचे सर तर भुवया मुद्दाम उडवतात, तुम्हाला कळावं म्हणून."

बाईंनी फडकं ओट्यावर टाकलं. "मग आज का नाही उडवल्या?"

"साखरेसाठी काय करायचं, ते ठरलं नव्हतं ना."

दया! बिस्किटाचा लगदा खाणारी ती बाई आपल्यावर दया करत होती! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे मिळून हसले असते तरी चाललं असतं, पण ही मंडळी आपल्याला तान्ह्या बाळासारखी सांभाळत होती आणि आपण त्यांना येडं समजत होतो. कधी नव्हे ते त्यांना स्वतःची किळस आली.

"तू का सांगितलंस मग?"

"तुम्ही आम्हाला तोंडावर बोलता. तुम्हालाही कोणीतरी तोंडावर बोलायला नको?"

बाईंनी ओट्यावरचं फडकं उचलून पिळलं. मग म्हणाल्या, "मोठ्या पातेल्यात मीठ घाल. आणि एका छोट्या पातेल्यात साखर. भरपूर."

दुसऱ्या दिवशी स्टॉलपुढे रांग लागली. बाईंनी त्या तिघांना खास पुढे बोलावून छोट्या पातेल्यातलं सूप वाढलं. हेडसरांनी घोट घेतला, कसाबसा गिळला आणि टाचा उचलल्या. "वा! कालच्यापेक्षाही झकास." गणिताच्या सरांनी मान डोलावली.

"मग घ्या अजून," बाई म्हणाल्या आणि वाट्या पुन्हा काठोकाठ भरल्या. तिघांनी त्याही संपवल्या. चित्रकलेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसतच होत्या. बाईंना त्यांच्या थोबाडाकडे बघवेना.

"हेडसर, मूठभर साखर आहे त्यात."

हेडसरांचा चेहरा एकदम उजळला. "बाई! चव परत आली तुमची?" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की सगळी रांग वळून बघू लागली. गणिताच्या सरांनी टाळी वाजवली. नुसतं "हो" म्हटलं असतं तर सगळं परत मिळालं असतं, टेबलही आणि चमचाही. त्या माणसांना खरोखरच आनंद झाला होता, आणि त्याचाच बाईंना सगळ्यात जास्त राग आला.

"नाही आली," बाई रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "येणारही नाही. खरं काय ते मला तोंडावर सांगितलं कोणीतरी. तुमच्यासारख्या एवढ्या मोठमोठ्या माणसांत, एका पोरीनं."