धुऱ्यावरची खचलेली जागा

त्या गावातल्या धुऱ्यांची पाहणी मीच केली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, दोन भातखाचरांमधला, मातीचा बांध. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, ती ओळ अजून आहे : ‘धुरा खचलेला. गवत नाही, माती दबलेली, लांबी अंदाजे दोन फूट. शेजारीच फुटल्याची खूण. दुरुस्ती आवश्यक.’ ते लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, कारण माझ्याआधी आलेल्या माणसाला ही जागा दिसलीच नव्हती.

मी लातूरकडचा. आमच्या भागात बांध घालायचा तो पाणी अडवायला. आमच्या शिवारातून पाणी पुढे वाहून गेलं की वडील त्या पाण्यालाच शिव्या द्यायचे. रोजगार हमीच्या कामांवर तांत्रिक सहायक म्हणून मी गोंदिया जिल्ह्यात आलो, गोरेगावात खोली घेतली, आणि शेतात गुडघाभर पाणी मुद्दाम साठवून ठेवणारी माणसं बघून चाट पडलो. पण बांध तो बांध, मातीचं काम मला येतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट कळली नाही की मी विचारायच्या ऐवजी जोरात बोलतो.

उन्हाळ्यात काम झालं. वरच्या अंगाला एका शेतकऱ्याची बोडी होती, म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं. तिच्यातला गाळ काढला आणि त्याच मातीने खालचे धुरे भरून घेतले. धुरे इतके सरळ आणि गुळगुळीत झाले की मी मोटारसायकल थांबवून बघत बसायचो. त्याआधी ग्रामसभेत मी हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं : काम झाल्यावर बांधाला हात लावणार नाही, तोडफोड करणार नाही. “समजलं का?” मी विचारलं. “हो जी,” सगळे म्हणाले. “कुणाला काही विचारायचंय?” कुणालाच नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि मी खूश होऊन परतलो.

सप्टेंबर संपता संपता पावसाने पाठ फिरवली. बोडीवाल्या शेतकऱ्याची बांधी बोडीच्या पाण्यावर भरलेली होती. तिच्या खालची बांधी एका बाईची. नवरा वारलेला, मुलगी बिरसीकडे दिलेली, घरात एकटीच. तिची जमीन म्हणजे तेवढीच. तिथला धान नेमका निसवायला आला होता, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि खालची माती भेगाळायला लागली होती. चार-पाच दिवसांत पाणी मिळालं तर वर्षाचा तांदूळ, नाही तर नुसतं तणस, दाण्याविना पेंढा. हे सगळं मला नंतर कळलं. इथे आधीच सांगून टाकतो, कारण मी ज्या गोंधळात होतो त्यात आणखी कुणाला ओढायची माझी इच्छा नाही.

त्या आठवड्यात मी रोज त्या गावच्या ग्रामपंचायतीत बसून मोजमाप पुस्तिका भरत होतो. जिल्ह्याहून पाहणीला माणसं यायची होती. पहिल्या दिवशी दहाच्या सुमारास ती बाई आली आणि दारासमोरच्या ओट्यावर, माझ्या टेबलाकडे तोंड करून बसली.

“काय काम आहे, मावशी?”

“काई नाई.”

“आधार कार्ड आणलंय?”

तिने कनवटीच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. मी ते उलटसुलट पाहिलं. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून परत दिलं.

“अर्ज कशाचा करायचाय?”

“अर्ज कायचा? बसली हावो.”

दुपारी ती तिथेच होती. मी जेवून आलो तेव्हाही होती. पाच वाजता मी कुलूप लावायला निघालो तशी ती उठली आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधूनच आली. आता मात्र माझं डोकं चालेनासं झालं. मी जॉब कार्डांची यादी काढून तिचं नाव शोधलं. सगळं व्यवस्थित होतं. घरकुलाची यादी पाहिली, तिथेही काही अडलेलं नव्हतं. एखाद्या माणसाचं सरकारदरबारी काहीच अडलेलं नाही आणि तरी ते माणूस सरकारच्या दारात बसलं आहे, हे माझ्या अनुभवात बसत नव्हतं. मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला आत बोलावलं. हा गोंदियात वाढलेला, निम्मं हिंदी बोलायचा.

“हिला हवंय तरी काय?”

“बैठने दो साहब,” तो म्हणाला. “तुमच्याच कामानं बसली हाये ते.”

माझ्याच कामाने म्हणजे काय, ते मला काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझं काम म्हणजे योजना, असं समजून मी शेततळ्याचा कोरा अर्ज तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, नीट चौघडी घातली आणि ओट्यावर धूळ होती म्हणून खाली ठेवून त्यावर बसली. मी आत जाऊन उगाचच दोन पुस्तिका आपटल्या.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण ओरडलो खरा. “मावशी, तोंडाने बोला! तुमच्या मनातलं मला ऐकू येत नाही!”

ती उठली. लुगड्याची धूळ झटकली. “आयकू येत नाई, दिसतबी नाई,” ती म्हणाली. “मंग सायेब कायले झाले?” आणि पायऱ्या उतरून शेताच्या दिशेने चालू लागली.

शिपायाने माझ्यासमोर चहा ठेवला. “आता धुऱ्यावर जाऊन बसेन,” तो म्हणाला. “पर तिकडं काई उपेग नाई. तिकडं एक दिस बसून आली ना ते, मंग तुमच्याकडं आली.”

“धुऱ्यावर बसून काय होणार?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला ‘जेवण कशाने करतात’ असं काहीतरी विचारलं असावं. “तुमाले मालूम नाई?”

मग त्याने सांगितलं. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीला द्यायचं तर वरच्याने धुरा फोडायचा. खालच्याने त्याला हात लावायचा नाही, पीक मेलं तरी नाही. आणि तोंडाने मागायचंही नाही. पाणी हवं असेल तर त्या ठरलेल्या जागी धुऱ्यावर येऊन बसायचं. वरचा बघतो, हातातलं काम आटोपून फावडं घेऊन येतो, फोडून देतो. बांधी भरली की बसलेलं माणूस उठतं आणि वरचा धुरा बुजवतो.

“पण मागायला काय होतं?” मी विचारलं.

“तोंडानं मांगतलं का समोरच्यावर नाई म्हनाची पारी येते, साहब. बसलेल्याले नाई कसं म्हनाचं?”

“आणि माझ्या दारात का?”

“धुरा आता तुमचा ना. हात नोका लावू म्हणून तुमीच वाचून दाखवलं.”

मी वही काढली. गवत नाही, माती दबलेली, लांबी दोन फूट. किती वर्षं, किती माणसं त्या दोन फुटांवर बसली असतील कोण जाणे. ती बसायची जागा होती, आणि मी तिच्यावर नवी माती टाकून चोपून घेतली होती.

मोटारसायकल काढून मी शेतावर गेलो. बाई नव्या धुऱ्यावर बसलेली होती. एका बाजूला पाणी चमकत होतं, दुसऱ्या बाजूला भेगा. मधे माझा धुरा, एक थेंब गळत नव्हता. माझ्या आजवरच्या कामातला तो सगळ्यात पक्का बांध असावा, आणि त्याच्याकडे बघून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

बोडीवाला शेतकरी त्याच्या झोपडीपाशी फावड्याचा दांडा बसवत होता. मी म्हटलं, “धुरा फोडून द्या.”

“धुरा सरकारचा हाये, साहेब. मी सई केली.”

“मीच सांगतोय ना, फोडा!”

“मंग लिहून द्या.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. पाहणी होईपर्यंत मातीला हात लावू नका, मग बघू, असं ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझी कंत्राटी नोकरी, दर वर्षी आदेश निघणार तेव्हा पुढचं वर्ष. लिहून द्यायचं धाडस होईना, तसंच परत जायचंही होईना. तोही बाईकडे बघत होता, मीही बघत होतो, आणि धान आमच्यासमोर वाळत होता. “तुम्हाला दिसत नाही का, ती बसलीय ते?” मी चिडून विचारलं.

“दिसून राहिली ना. चार दिसापासून दिसून राहिली,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त त्रास होता. “पर माझ्यासाठी नाई बसली ते. तुमच्यासाठी बसली.”

मग मीच त्याच्या हातातलं फावडं घेतलं, तरातरा गेलो आणि बाईच्या शेजारी पहिला घाव घातला.

“थांबा!” ती ओरडली. “कच्ची माती हाये. असं फोडलं तर पुरा धुरा घेऊन जाईन. त्याचाबी धान झोपन, माझाबी.”

मी फावडं खाली ठेवलं. मला धुरा बांधता येत होता, मोजता येत होता, त्याचा फोटो काढून वर पाठवता येत होता. उघडता येत नव्हता. कुणाला काय सांगावं, कुणाची परवानगी घ्यावी, तो धुरा नेमका कुणाचा, माझा, त्याचा की सरकारचा, काही म्हणता काही कळेना. उभं तरी किती वेळ राहणार, म्हणून मी तिथेच, तिच्या शेजारी, चिखलात बूट सोडून बसलो. माझ्या मनात दुसरा काहीही हेतू नव्हता. ती थोडी सरकली फक्त.

किती वेळ बसलो होतो सांगता येणार नाही. फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. पाठीमागे पाण्यात पावलांचा आवाज आला. बोडीवाला होता. काखेत पळसाच्या डहाळ्या, हातात दोन चपटे दगड. त्याने आमच्या दोघांकडे न बघता फावडं उचललं, मी घातलेल्या घावापासून हातभर बाजूला वरची माती वीतभर काढली, खाली दगड बसवले, कडेला डहाळ्या दाबल्या आणि मग पाण्याकडची शेवटची माती पायानेच लोटली. पाणी दगडावरून खाली उतरलं. भेगांमधे शिरताना त्याचा बारीक आवाज येत होता.

“मघाशी धुरा सरकारचा होता ना?” मी विचारलं.

“होता,” तो फावडं धूत म्हणाला. “पर तुमी येऊन बसले ना.”

मला लगेच कळलं नाही. संध्याकाळी गोरेगावच्या वाटेवर गाडी चालवताना कळलं. ज्याचा धुरा तो कधी बसत नाही, तो फोडून देतो. बसतो तो मागणारा. मी बसलो आणि त्याचा धुरा त्याला परत मिळाला, माझ्या नकळत, कागदाशिवाय.

पाहणीला आलेल्या साहेबांनी त्या जागी पेन रोखून विचारलं, “हे फुटलंय का?” बांधी भरल्यावर तो धुरा पुन्हा बुजवलेला होता, पण माती ओली दिसत होती. मी म्हणालो, “नाही, ही वाट आहे.” त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. नोकरी मात्र टिकली. त्यानंतर कुठल्याही गावात धुरा बघायला गेलो की मी आधी गवत नसलेली जागा शोधतो आणि तिथे कोण बसतं ते विचारतो. लोक हसतात.

दिवाळीनंतर कापणीच्या दिवसांत मी मुद्दाम तिच्या बांधीवर गेलो. धुऱ्याकडच्या अर्ध्या भागातला धान कापून त्याच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या. दूरचा अर्धा भाग तसाच उभा होता, लोंब्या पांढऱ्या, सरळ, वाकलेल्या नाहीत. मी एक लोंबी हातात चोळून पाहिली. आत दाणा नव्हता.

“हा भाग कसा गेला, मावशी? पाणी तर पोचलं होतं.”

“पोचलं, पर सुकल्यावर पोचलं,” ती विळ्याची धार अंगठ्याने बघत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी विचारलं म्हणून ती सांगत होती. “तो सुकत होता तवा मी तुमच्या दारात बसून होती.”