मखरातला करंदीकर

करंदीकर हा अत्यंत सज्जन माणूस होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायला मला जमणार नाही.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्याच्या एका कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. आमचा कॉम्प्युटर म्हणजे चार लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केलेली. त्याला पडदाबिडदा नव्हता. टेबलावर एक टाइपरायटर असे. यंत्र आपलं म्हणणं त्यावर खडखडत छापी आणि आम्ही खाली उत्तर छापायचं. स्वभावाने ते थेट माझ्या सासऱ्यांवर गेलं होतं. सुरू केलं की आधी तारीख विचारी, मग वेळ, मग 'नक्की का?' एक अक्षर चुकलं की घंटा वाजवून पुन्हा पहिल्यापासून! त्यात दिवसातून तीनदा लोडशेडिंग. वीज आली की पुन्हा तारीख, पुन्हा वेळ, पुन्हा 'नक्की का?' दोन वर्षं मी ही उत्तरं मुकाट्याने देत होतो.

मग पुण्याहून करंदीकर बदलून आला. आठ दिवसांत त्याने भोकं पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा तयार केला. तो गठ्ठा यंत्राला भरवला की घंटा बंद, 'नक्की का?' बंद, आणि तारीख चुकली तर तेवढीच दुरुस्त करायची! वर यंत्र छापायचं, 'सुप्रभात.' (इंग्रजी अक्षरांत का होईना, पण सुप्रभात!) बराकपूरहून घामाघूम होऊन येणारे आणि कुणालाही कधी बरं न म्हणणारे आमचे साहेब दत्तबाबू "की चोमोत्कार!" म्हणत त्याची पाठ थोपटू लागले.

हे मी घरी सांगितलं. ती माझी पहिली चूक.

"तुमच्या नाही का हे लक्षात आलं?" बायकोने, म्हणजे नलूने, विचारलं.

"आलं होतं. वेळ नव्हता."

"दोन वर्षं?"

पुढच्याच रविवारी करंदीकर आमच्याकडे चहाला आला. आमच्या टेबलाचा खण अडकत असे, हेही नलू मला दोन वर्षं सांगत होती. त्याने खणाला मेणबत्ती घासली आणि खण लोण्यासारखा सरकला! नलू दिवसभर तो खण उघडत होती आणि मिटत होती. आणि मी जळत होतो. सरळ सांगतो, असा जळत होतो की माझ्यावर चहा ठेवता आला असता.

मी ठरवलं, त्या गठ्ठ्यात आहे तरी काय ते बघायचं आणि त्याच्याहून सरस गठ्ठा करायचा. माझं यंत्र नुसतं 'सुप्रभात' म्हणणार नाही, 'सुप्रभात नलू' म्हणेल! गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गठ्ठा पिशवीत घातला (चोरी नव्हे, अभ्यास), घरी फळीवर ठेवला आणि ट्रामने कुमारटुलीला मूर्ती आणायला गेलो. तिथे सगळे दुर्गेच्या घाईत. "शुधु गोणेश? मा कोथाय?" नुसता गणेश, आई कुठाय, असं मूर्तिकार मला दरवर्षी विचारी. त्याला समजावून मूर्ती घेऊन घरी आलो आणि दारातच थिजलो.

नलूने मखर केलं होतं. मागे दिवा लावलेला आणि शेकडो बारीक भोकांतून उजेड पाझरत होता. करंदीकरचा अख्खा गठ्ठा, खळ लावून चिकटवलेला!

"ही कार्डं..." मूर्ती हातात धरूनच मी म्हणालो.

"तुम्ही आणता ना, ती रद्दी! पण या खेपेला भोकं छान दाट होती हो."

बाद कार्डं मी नेहमीच घरी आणत असे. वाणसामानाच्या याद्या त्यांच्यावरच व्हायच्या.

"काढ ते."

"गणपती दारात आणि मखर मोडायचं? काहीतरीच काय!"

तिला खरं कारण सांगायचं म्हणजे करंदीकरचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा मी गणपतीला आत घेतलं.

कचेरीत हाहाकार उडाला. घंटा पुन्हा वाजू लागली. "लिमये, कार्ड कोथाय गॅलो?" दत्तबाबू ओरडत होते. मी कपाटांच्या मागे, एअर कंडिशनरच्या खाली, इतकं जीव तोडून शोधत होतो की "लिमयेकडून शिका!" असं ते इतरांना म्हणाले.

तिसऱ्या दिवशी करंदीकर दर्शनाला आला. नलूने त्याच्यासाठी मुद्दाम पुन्हा मोदक केले होते. तो हात जोडून मखरापुढे उभा राहिला. एक मिनिट झालं, पाच झाली. त्याचे ओठ हलत होते.

"बघा, किती भाविक!" नलू माझ्या कानात म्हणाली. "स्तोत्र म्हणताहेत. तुम्हाला धड आरती येत नाही."

तो काय म्हणत होता ते मला ठाऊक होतं. तो भोकं वाचत होता! ओळीने!

"वहिनी, मखर फारच सुरेख," शेवटी तो म्हणाला. "फक्त डावीकडून तिसरं कार्ड उलटं लागलंय."

"अय्या! कसं ओळखलंत?"

"सवय." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गणपतीकडे पाहिलं. "वहिनी, कागद-पेन्सिल देता? नक्षी उतरवून घेतो. आईला पाठवीन म्हणतो."

दोन तास तो जमिनीवर बसून आपलीच कार्डं उतरवत होता आणि नलू त्याला मोदक वाढत होती. अकरा! मला दोन मिळाले. त्याने मला एक अपशब्द जरी वापरला असता तरी मी त्याचा सुखाने द्वेष केला असता. पण जाताना म्हणाला, "येतो, लिमयेसाहेब. प्रसाद छान होता."

दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा तयार. सगळे टाइपरायटरभोवती जमले. घंटा नाही, 'नक्की का?' नाही. 'सुप्रभात' आलं, आणि त्याखाली खडखडत एक नवीनच ओळ उमटली: 'लिमयेसाहेब, कार्डं कचेरीतच आहेत ना?'

मी 'हो' छापेपर्यंत यंत्र ढिम्म हलेना.

"की चोमोत्कार!" दत्तबाबूंनी टाळी वाजवली. "आता गठ्ठा लिमयेच्या ताब्यात!"

नलूला हे कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "किती मोठं मन! यंत्राला तुमचं नाव शिकवलं त्यांनी. तुम्हाला सुचलं का कधी माझं शिकवायचं?"

करंदीकर पुढे दिल्लीला बदलून गेला. प्रश्न मात्र राहिला. दर लोडशेडिंगनंतर मी 'हो' छापत असे, दिवसातून तीनदा, उन्हाळ्यात पाचदा. काढून टाकायला काही फार लागलं नसतं; एकच कार्ड काढायचं होतं. पण ते कुठलं, हे शोधायला गठ्ठा घरी न्यावा लागला असता.