आबाचा दगड आणि चार टायरांची फटफटी

परभणीहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी साडीच्या आत नातीची पळायला जायची पँट चढवली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईने काय घालावे याचे काही नियम असतील, तर ते मी घडी करून कपाटात ठेवून आले होते.

नातीचे नाव मयूरी. ती पुण्याला नोकरी करते, दिवाळीला आली होती. जिंतूर ओलांडून चारठाण्याच्या बाजूला जे डोंगर लागतात, त्यांच्या पायथ्याशी कुणा हौशी माणसाने पर्यटन केंद्र काढले आहे. तिथे क्वाड बाईकवर (चार जाड टायरांची, बिनछपराची फटफटी) बसवून तासभर जंगलातून फिरवून आणतात. मयूरीने मोबाईलवर तिथला फोटो दाखवला. म्हणाली, "आज्जी, तू खाली खुर्चीवर बस. मी जाऊन येते."

मी फोटोतली गाडी बघितलीच नाही. तिच्या मागचा डोंगर बघितला आणि म्हटले, "खुर्चीवर बसायला मी काय बारशाला आलेय? मी पण वर येणार."

तिला वाटले, म्हातारीला चळ लागला. खरी गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तुम्हाला सुरुवातीलाच सांगून टाकते. मला माझ्या बापाचा दगड शोधायचा होता.

आबा मेंढरे राखायचा. त्याच डोंगरावर खांडीमागे (मेंढरांच्या कळपामागे) फिरता फिरता तापाने गेला. ओढ्याला पूर, खाली आणता येईना. बरोबरच्यांनी त्याला तिथेच, टेंभुर्णीच्या तीन झाडांखालच्या सपाटीवर पुरला. आमच्यात अशा जागी वर्षभराने एक उभा दगड रोवतात. मेंढरांच्या कानाला आपली जी खूण कातरलेली असते, तीच त्या दगडाच्या वरच्या टोकाला छिन्नीने पाडतात. आमची खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन खाचा. मग दगडाला शेंदूर लावायचा, आणि पुढे दरवर्षी घरच्या कुणीतरी जाऊन तो ताजा करायचा.

तो दगड मी कधी डोळ्यांनी बघितलेला नाही. आता त्याचे कारण ऐका, आणि तेव्हाची मी, वीस वर्षांची जी पोर होते, तिला माझ्या वतीने दोन शिव्या द्या.

ती नवी नवी परभणीत नांदायला आली होती. नवरा कचेरीत कारकून, शेजारी मास्तरीणबाई. तिने मास्तरीणबाईला सांगून ठेवले होते की माहेरी बागायत आहे, दोन विहिरी आहेत. विहिरींवर मोटारीसुद्धा बसवल्या होत्या तिने. एकदा आबा घोंगडे पांघरून, तुपाचे गाडगे घेऊन दारात आला. मास्तरीणबाई ओट्यावर गहू निवडत होती. तिने विचारले, "कोण हो?" आमच्या महाराणी म्हणाल्या, "शेतावरचा माणूस आहे आमच्या." आबाने ऐकले. गाडगे उंबऱ्यावर ठेवले आणि शेतावरचा माणूस जाईल तसा गेला. त्यानंतर तो पुन्हा आला नाही, आणि त्याच पावसाळ्यात गेला.

वर्षाने दगड रोवायचा होता, तेव्हा आईने निरोप धाडला. महाराणींनी उलटा निरोप दिला, की मी बाजूला बसलेय (पाळी आलीय), विटाळ होईल, यायला जमायचे नाही. साफ खोटे. पायात नव्या चपला होत्या आणि डोंगरात काटे होते, एवढेच खरे. पुढे आई परभणीला आली तेव्हा दगड कसा, कुठे, सगळे सांगत बसली होती, आणि ही आरशासमोर भांग पाडत "हं, हं" करत होती. आई होती तोवर दरवर्षी वर गेली. मी एकुलती एक. आई गेल्यावर माझ्याकडे आधी लाज होती, मग लेकरे होती, मग कामे होती. गुडघे गेल्यावर आठवले, की वर जायचे राहिले.

म्हणून ही फटफटी. माझ्या पिशवीत शेंदराची डबी, तेलाची बाटली आणि एक नारळ होता.

झरी गेली, बोरी गेली. कापूस फुटून शेते पांढरी झाली होती, तुरीला पिवळा फुलोरा आला होता. जिंतूरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने माझी पँट खालून वरपर्यंत बघितली.

"कुठं निघालाव माय?"

"जंगलात."

"दर्शनाला व्हय?"

"तसंच समज," मी म्हटले. त्याने न मागता माझ्या चहात जास्तीची साखर टाकली.

केंद्रावर एक कागद भरून घेतात. काही झाले तर आम्ही जबाबदार नाही, असे त्यात चार वेळा लिहिलेले. वयाची मर्यादा साठ. मी एकोणसाठ लिहिले. टेबलामागच्या पोरीने कागद बघितला, मला बघितले.

"आजी, एकोणसाठ?"

"उन्हात लय कामं केली बाई."

मग हेल्मेट. त्याला माझ्याआधीच्या शंभर डोक्यांचा वास होता. मयूरीने आपल्या हेल्मेटवर काडेपेटीएवढा कॅमेरा लावून घेतला. ती स्वतः गाडी चालवणार होती. मी वाटाड्याच्या मागे बसायचे ठरले.

वाटाड्याचे नाव नामदेव. पन्नाशीचा, मिशा राखलेला, गाव वालूर. आधी ट्रॅक्टर चालवायचा.

"मावशी, घट्ट धरा. लय हिसके बसतेत."

"कुणाला धरू? तुला का गाडीला?"

"मलाच धरा. उलटली तर मी खाली, तुमी वर."

निघालो. पहिल्या चढालाच माझी कवळी निसटायला लागली, म्हणून तोंड मिटून घेतले आणि नाकाने किंचाळले. वाट लाल मुरुमाची, पावसाने ओघळी पडलेली. दोन्ही बाजूंना साग, त्यांची सुपाएवढी पाने किड्यांनी चाळणी केलेली. मध्ये धावडा, पळस, सीताफळांची झुडपे. जास्त पिकून गळलेली सीताफळे वाटेवर फुटून पडली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास येत होता. एका ओघळीत चाक रुतले. नामदेवाने जोर लावला तसा चिखल माझ्या हेल्मेटवर, आणि काच वर असल्यामुळे तोंडात. मागून मयूरी हसली. पुढे बोरीच्या फांदीने पदर धरला, तो सोडला नाही. वीतभर तुकडा तिला देऊन टाकला.

मी हसत होते. मोठमोठ्याने हसत होते, हे कबूल करते. पन्नास वर्षे ज्या डोंगराला भ्याले तो चार टायरांखालून असा सरकत होता, याची मजा वाटत होती. वाटेच्या दोन्ही कडांना चुना फासलेले दगड लावले होते, शाळेच्या मैदानाला असतात तसे. किती नीटनेटके, असेही मनात आले. आता हे लिहिताना लाज वाटते, पण आले होते.

एकच गोष्ट खटकत होती. एवढ्या गवतात एकही मेंढरू नव्हते. लेंडीसुद्धा नाही.

"नामदेवा," मी त्याच्या कानात ओरडले, "वर सपाटीला टेंभुर्णीची तीन झाडं हायेत का?"

"दोन हायेत. तिथंच थांबायचं हाय, फोटोची जागा हाय ती."

मी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

सपाटीवर पोचलो. नामदेवाने मला दोन्ही दंड धरून उतरवले. दोन टेंभुर्ण्या आणि तिसरीचा खुंट. मध्ये लोखंडी सळईचा तांबडा बदाम उभा केलेला, त्यात उभे राहून लोक फोटो काढतात. खाली ओढ्याची वळणे, पलीकडे नुसते डोंगर. जागा हीच. मी खुंटाभोवती फिरले, झाडांभोवती फिरले, गवत पायाने बाजूला केले. जमीन साफ होती. कुणीतरी झाडून घेतल्यासारखी.

"काय हुडकायलाव मावशी?"

"इथं उभे दगड होते."

"होते की. पाच-सहा होते. मीच काढले."

तो बिचारा काम चांगले केल्याच्या सुरात सांगत होता. "वाटंच्या कडेला दगड कमी पडले ना. हे आयते एका जाडीचे होते. ट्रॉलीत घातले, चुना मारला. मालक खूश."

"हात लावताना तुला काही वाटलं न्हाई?"

"शेंदूर असता तर बोट लावलं नसतं, देवाशप्पत. चारी बाजूनं फिरून बगितलं मी. एक ठिपका नव्हता. बिनशेंदराचा दगड म्हंजे दगडच की, मावशी." एवढे बोलून तो थांबला. माझ्या पिशवीतून डोकावणारा नारळ त्याला दिसला असावा. आवाज उतरला. "तुमचं कोण होतं का?"

"माझा बाप."

त्याच वेळी मयूरीने मागून येऊन गाडी बंद केली होती. शब्द तिने ऐकले. हेल्मेट काढत म्हणाली, "आज्जी? पणजोबांची तर बागायत होती ना?"

"होती ना," मी म्हटले. "दोन विहिरी. मोटारीसकट."

आणि तिथे, त्या लोखंडी बदामाजवळ बसून, मी माझ्या नातीला आबा कोण होता ते सांगितले. गाडग्याचे सांगितले, पाळीच्या निरोपाचेही सांगितले. नामदेव हेल्मेट काढून, पाठ करून उभा होता.

परतताना आम्ही दगडादगडाला थांबलो. मी नामदेवाला खूण सांगितली. तो म्हणाला, "वरच्या टोकाला म्हन्ता? अन मी बारीक टोक खाली रोवलंय, हालू नये म्हणून." म्हणजे खूण असेल तर ती मातीत. त्याने गाडीच्या पेटीतली पहार काढली आणि दगड उपटायला लागला. मयूरी चुना आणि माती हाताने पुसायची, मी बोटे फिरवायची. एक, दोन, चार, सात. एका दगडाला एकच खाच होती, पण ती ताजी होती, लोखंडाचा मार लागलेली. वाट खालपर्यंत दोन्ही अंगांनी पांढरी दिसत होती. नववा दगड उपटताना नामदेव वाकलेला तसाच राहिला.

"मावशी, एक सांगायचं हाय."

"सांग."

"त्यातले काही लय लांब होते. टोकं घणानं तोडली मी. तुकडे ओढ्याच्या भरावात गेले." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "कोन्ते तोडले, ते आता आठवंना."

मयूरीने दगडावरून हात काढून घेतला. आबाचे टोक त्या भरावात गेले असेल, तर उरलेले सगळे दगड उपटूनही तो ओळखू येणार नव्हता. खालून दुसऱ्या पाळीच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. कुणीतरी हौसेने आरडाओरडा करत वर येत होते.

"असं करा," नामदेव काकुळतीला आला होता, "सगळ्यांनाच लावा शेंदूर. मालकाला काय सांगायचं ते मी सांगतो. त्यात तुमचा बी येईल."

मी डबी हातात घेतली होती. झाकण उघडत नव्हते की मी उघडत नव्हते, कोण जाणे. मयूरी म्हणाली, "लाव ना आज्जी. मी पण लावते."

"नको," मी म्हटले. "दिसंल त्या दगडाला शेंदूर लावला तर देव होतो गं. बाप होत न्हाई."

नामदेवाने उपटलेले दगड पुन्हा जागच्या जागी रोवले. त्याला शिव्या द्याव्यात असे मनात आले होते, पण कशाबद्दल देऊ? त्याने रिवाजच पाळला होता. शेंदूर बघितला, सापडला नाही, म्हणून दगड उचलला. आई गेल्यावर पहिल्या वर्षी तो फिका पडला असेल. दुसऱ्या पावसाळ्यात ओघळला असेल. त्यानंतर आबाला नुसता दगड करायला नामदेवाची गरजच उरली नव्हती. ते काम मी परभणीत बसून, पंख्याखाली, आधीच उरकले होते.

खाली जेवण होते. केळीच्या पानाचे चित्र छापलेल्या कागदावर पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पिठले चांगले होते. वीस वर्षांची असते तर पान बाजूला सारून दोन उसासे टाकले असते, चारचौघांनी बघावेत असे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गोळ्या घ्यायच्या असतात. जेवले. नामदेव लांबून बघत होता. निघताना गाडीपाशी आला आणि सासरी निघालेल्या पोरीला देतात तशी, रुमालात बांधलेली चार सीताफळे त्याने माझ्या मांडीवर ठेवली. 

परतीच्या वाटेवर, बोरी जवळ आली तेव्हा मयूरीने विचारले, "त्यांचं नाव काय होतं गं?"

तिला ते माहीत नव्हते. माझ्या रक्ताच्या नातीला. मी सांगितले. तिने एकदा स्वतःशी म्हणून बघितले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत राहिली. माझ्या नखांत चुना भरला होता, तो मी परभणी येईपर्यंत काढत होते.

नारळ घरात वापरला. डबी आहे तशीच आहे, कपाटात, साड्यांखाली.

मयूरी पुण्याला गेली आणि तिथून तिने आपल्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ पाठवला. त्यात पुढच्या गाडीवर मी पाठमोरी दिसते, नामदेवाची कंबर धरलेली, फाटका पदर उडतोय. इंजिनाच्या आवाजातही माझे हसू ऐकू येते. आणि दोन्ही कडांनी पांढरे दगड येतात, जातात. मी ते थांबवते, दोन बोटांनी मोठे करून बघते. सगळे सारखे. सून म्हणते, आई किती हौशी, स्वतःचाच व्हिडिओ रोज बघतात.

त्यातला एखादा तो असेल, आणि मी त्याच्या शेजारून हसत निघून गेले असेन. आबा माझ्या दारात आला होता तेव्हा मी त्याला ओळखले होते, ओळख दाखवली नाही एवढेच. या खेपेला मला तो खरोखरच ओळखता आला नाही.