बांध सरकवणारा

जालन्यात स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. कॉलेज बुडवून मी तिथं पडीक असायचो, तेव्हा हा माणूस दिसायचा. भोकरदनकडचा, चाळिशीतला, कडक इस्त्रीचा. बांधावरून चुलतभावाशी कोर्टात भांडण चालू होतं. तारखेला जालन्यात आला की आमच्या टीव्हीसमोर ठाण मांडायचा.

तिथल्या एका गोळीबाराच्या गेममध्ये स्वतःचं मैदान तयार करता यायचं. आम्ही किल्ले बांधले, बोगदे काढले. या शहाण्यानं काय बांधावं? स्वतःचं आणि चुलतभावाचं वावर, मधोमध बांध म्हणून भिंत. गोळी एकदाही झाडली नाही. जीभ दातांत धरून ती भिंत तेवढी पलीकडं ढकलत बसायचा.

"अहो, खेळा की आता," मी एकदा वैतागून म्हणालो.

"थांबा हो, बांध सरकवून राह्यलो. इथं मोजणीवाला येत न्हाई."

शेवटी चुलतभावाची विहीरही आपल्याकडं ओढली, आपल्या वावराला चारी बाजूंनी बिनदाराची भिंत घातली आणि मोठ्या ऐटीत त्यानं खेळ सुरू केला. पण गेममधला आपला गडी कुठून निघणार, ती जागा भिंतीच्या आत ठेवायचं विसरला होता. गडी उभा राहिला थेट चुलतभावाच्या वावरात.

मला हसू आवरेना.

"मशीन बी फितवली का काय त्यानं?" तो पुटपुटला. आता तरी जरा ओशाळेल, असं मला वाटलं. त्यानं खेळ थांबवला, पुन्हा मैदान उघडलं आणि आता गडी पलीकडं म्हटल्यावर त्या बाजूनं बांध स्वतःच्याच वावरात सरकवायला घेतला.