बंद फोनवरचं ‘खाली’

भुताखेतांचे धागे मी इथे वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. आपला विश्वास केबलवर. केबलपाशी दिवा लागला तर लिंक आहे, नाही लागला तर नाही... तिसरं काही नसतं. म्हणून हे लिहायला जड जातंय. शिवाय माझं मराठी झाशीचं, घरापुरतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नेटवर्कची कामं करते. सदर बाजारजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नवे कॅमेरे लागले होते, त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क काढायचं होतं. भर दुपार. वरच्या मजल्यावर स्टोअररूममध्ये स्विचचं, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायच्या डब्याचं, कपाट, शेजारी इंटरकॉमचा फोन. आयसीयू तळमजल्यावर. तिथल्या पेशंटचे आकडे वर नर्सच्या स्क्रीनवर दिसतात, आणि आकडे, फोन, कॅमेरे – सगळं दोन मजल्यांमधल्या एकाच केबलमधून जातं.

त्या केबलवर नवं नेटवर्क चढवताना कमांडमध्ये ‘ॲड’ शब्द लिहायचा असतो. लिहिला तर नवं जुन्यांच्या शेजारी बसतं. विसरलात तर जुनी सगळी हाकलली जातात. हे नवशिक्यांनाही पाठ असतं. मी विसरले.

माझ्या लॅपटॉपचं कनेक्शन तुटलं, इंटरकॉमच्या फोनवर ‘नेटवर्क नाही’ आलं. मी नर्सच्या स्क्रीनकडे धावले, तर आकडे जागच्या जागी. चला, हे तरी वाचलं, असं वाटलं मला! आकडे हलत नाहीयेत, गोठलेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

मी परत येऊन स्विचला थेट जोडायची केबल बॅगेत शोधत होते... आणि तो बंद फोन वाजला.

“अगं बाई, खाली बघ.” कुणी म्हातारी बाई.

कामावर माझ्या तोंडात हिंदीच. “जी, कौन बोल रही हैं?”

“खाली बघ, खाली!”

“माताजी, कौन सा पोर्ट खाली है?”

“खाली गं!”

फोन गेला. आणि मी काय करावं? टॉर्च घेऊन स्विचवर रिकामा पोर्ट, म्हणजे केबल खुपसायचं रिकामं भोक, शोधत बसले! मग ते ‘गं’ कानात शिरलं. घराबाहेर मला ‘गं’ म्हणणारं या शहरात कुणी नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आमच्यात खाली म्हणजे... खाली.

जिना कसा उतरले आठवत नाही. आयसीयूतली सिस्टर पडद्यामागे दुसऱ्या पेशंटला धरून होती. कडेच्या बेडवर एक आजी, ओठ काळेनिळे. गळ्यात छेद देऊन बसवलेली नळी, आणि तिला जोडलेली ऑक्सिजनची ट्यूब सुटून उशीवर पडलेली. मी ओरडले. सिस्टर आली, ट्यूब लावली, डॉक्टर धावले. आजी वाचल्या.

मॅनेजर तिवारीजींना मी तिथेच सांगितलं की चूक माझी. ते म्हणाले, “अरे मैडम, आप न आतीं तो गजब हो जाता.” वर जाऊन तो एक शब्द टाकून जुनी नेटवर्क परत चढवली, सगळं सुरू झालं. फोनबद्दल विचारलं, तर त्या वेळेत एकही कॉल नोंदलेला नव्हता. नेटवर्कच नव्हतं, नोंदणार कुठून?

आजी झाशीजवळच्या गुरसरायच्या, मराठी घरातल्या, हे मला नंतर कळलं. गळ्यातल्या नळीमुळे त्या दिवशी त्यांना आवाज फुटणंच शक्य नव्हतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

त्यांची नळी निघाली तेव्हा मी माफी मागायला गेले. आईकडून मराठी वाक्य घोकून घेतलं होतं. त्यांच्या मुलानं खुर्ची दिली, “बैठिए दीदी.” तोपर्यंत मी त्या आजींशी एक शब्दही बोलले नव्हते.

“आजी, माझ्या चुकीमुळे तुमच्या जिवावर बेतलं. मला क्षमा करा.”

 त्या घोगऱ्या आवाजात, जरा रुसून म्हणाल्या, “मराठी येतं की गं तुला. मग मघाशी हिंदीत का बोलत होतीस?”

मुलगा हसला. “अम्मा को दिन-तारीख का होश नहीं है, दीदी.”

मीही हसले. त्यांच्या पायाला हात लावला आणि निघून आले.