एका शिंगाची म्हैस

टर्पेंटाईनचा वास आला की मला बारामतीतलं आमचं पहिलं ऑफिस आठवतं. चित्रकारांना वेबसाइट करून द्यायचं काम मी तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. एका दुपारी माझ्या शाळेतले चित्रकलेचे सर इंदापूरहून आले, टर्पेंटाईननं पुसून स्वच्छ केलेली चित्रं घेऊन. त्यांनी मला ओळखलं नाही. फोटो काढताना शेळगावच्या आमच्या गोठ्यातली एका शिंगाची म्हैस हातात आली. नववीत मी काढलेली. खाली सही सरांची होती, आणि तालुक्याचं बक्षीसही तेव्हा त्यांनीच घेतलं होतं. "ही कुणी काढली?" मी विचारलं. "आपणच की. लय गाजली हाय ती." आमच्याकडं प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव लागतं. तिथं मी माझं नाव लिहिलं, शाळा आणि इयत्तेसकट. तपासायला पान सरांपुढं धरलं. "चष्मा घरी राहिलाय, तुमीच वाचा," सर म्हणाले. मी त्यांचं नाव वाचून दाखवलं आणि साइट सुरू केली. आठवड्यानं सरांचा फोन आला, तोवर गावभर झालं होतं. "तेवढी म्हैस काढा." "काढतो, सर," मी म्हणालो. पुढच्या वर्षी त्यांनी साइटची वर्गणी भरलीच नाही. साइट आपोआप बंद पडायला हवी होती. मी अजून ती, म्हशीसकट, बंद पडू देत नाही.